बळीचा बोगदा

तळचांद्यात भिंतीचा पोपडा सुटला की लोक म्हणत, "शालिक धरला." भाजीवाल्या म्हणत, मास्तर म्हणत, काल बोलायला शिकलेली पोरंसुद्धा म्हणत. छताला बारीक भेग गेली, सळईचा तांबूस डाग वर आला, की बोट दाखवून मोकळे: "अरे बाप्पा, इथंही शालिक धरला!" आता हा शालिक म्हणजे काही बुरशीचं नाव नव्हे. शालिक उरकुडे नावाचा हाडामांसाचा गवंडी होता, त्याच गावात राहत होता आणि हे सगळं रोज आपल्या कानांनी ऐकत होता.

गाव जमिनीखाली दीडशे फुटांवर होतं. वर चांद्याला आता होळीपासून दसऱ्यापर्यंत दिवसा माणूस टिकत नसे, पारा चौपन्नाच्या खाली यायचं नाव घेत नसे. मग सरकारने कोळसा काढून रिकामे पडलेले खाणीतले बोगदे ताब्यात घेतले, त्यांना सळया आणि काँक्रीटचं अस्तर केलं, हवेचे पंखे बसवले आणि माणसं खाली उतरवली. पट्टी एक, पट्टी दोन असे मोहल्ले पडले. मधल्या रुंद बोगद्यातून रुळांवर विजेचे छोटे डबे धावू लागले. भाजी डब्याने येई, पोरं डब्याने शाळेत जात, नवरदेवही डब्यातूनच लग्नाला निघत.

खरी गोम या डब्यांपाशी होती. डब्याला वीज वरच्या तारेतून मिळते आणि काम झालं की ती रुळांतून वीजघराकडे परत जाते. जाते म्हणजे, जायला हवी. पण खाणीतली जमीन ओली, बारमाही पाझरणारी. रुळांतली थोडी वीज वाट सोडून त्या ओल्या मातीत उतरते आणि मातीपेक्षा सोपी वाट मिळते का ते बघते. सोपी वाट म्हणजे लोखंड. भिंतींतल्या सळया, छतातल्या सळया, पाण्याचे नळ. अशा वाट सोडलेल्या विजेला तिथे भटका प्रवाह म्हणत. तो लोखंडात शिरतो तेव्हा काही बिघडवत नाही, उलट लोखंडाला जपतो. पण त्याला कधी ना कधी वीजघराकडे परतायचंच असतं, आणि ज्या जागी तो लोखंड सोडून पुन्हा मातीत उतरतो, त्या जागचं लोखंड खाऊन जातो. एक अँपियर प्रवाह वर्षभर असा बाहेर पडत राहिला तर नऊ किलो लोखंड जातं. त्यात घासाघीस चालत नाही.

भटका प्रवाह पुरता बंद काही करता येत नाही. तो फक्त दुसरीकडे वळवता येतो. म्हणून प्रत्येक पट्टीला एक निचरापेटी दिलेली होती. पेटीची एक जाड तार वस्तीच्या सळयांना, दुसरी एका रिकाम्या बोगद्याच्या सळयांना. पेटी वस्तीतला प्रवाह ओढून घ्यायची आणि त्या रिकाम्या बोगद्यातून मातीत सोडायची. खायचंच आहे ना तुला, मग हे खा! पट्टी चारसाठी नऊ नंबरचा बोगदा असा राखून ठेवला होता. तिथे कुणी राहत नसे, कुणी राहायचंही नसे. त्याला सगळे बळीचा बोगदा म्हणत. पाचपन्नास वर्षांत तो आतून संपेल, मग दुसरा नेमायचा, अशी योजना होती.

या सगळ्यावर नजर ठेवायला प्रत्येक पट्टीत एक गळती-मोजणीदार असे. पट्टी चारची मोजणीदार दमयंती झाडे. वय छप्पन्न, अंगाने किडकिडीत, तोंडाने फटकळ. आपला मीटर कुणाला शिवू देत नसे. "बाईचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ऑफिसात म्हणत आणि ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करी. लोकांना वाटे, बाईला कौतुक आवडत नाही. खरं कारण कुणाला माहीत असणार!

त्या सोमवारी पुण्याहून डॉक्टर शर्वरी रणदिवे आल्या होत्या. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पाठीवर यंत्रांची पिशवी, बोलणं स्वच्छ आणि घाईचं. बळीच्या बोगद्यात लोखंड किती उरलंय, आणखी किती वर्षं पुरेल, ते त्यांना बघायचं होतं.

"ताई, हा दरवाजा शेवटचा कधी उघडला होता?" त्यांनी विचारलं.

"नवी पेटी बसवली तेव्हा. अकरा वर्षं झाली जी."

"मग डोक्यावर टोपी घट्ट बसवा. आत काय पडेल सांगता येत नाही."

दमयंतीने किल्ली फिरवली. गेली नऊ वर्षं या दरवाजासमोरून जायची वेळ आली की ती लांबचा रस्ता धरी. आज लांबचा रस्ता नव्हता.

डॉक्टरांनी दिव्याचा झोत आत टाकला आणि त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. भिंती गुळगुळीत, छत सरळ. एक भेग नाही, एक डाग नाही, जमिनीवर मूठभर चुरासुद्धा नाही. त्यांनी भिंतीवर हातोडी मारली. खणखणीत आवाज आला. मग त्यांनी यंत्राने भिंतीला बोटभर खोल भोक पाडलं आणि दिवा आत धरला. आत निळसर चमकणारी सळई होती, कारखान्यात उमटवलेली अक्षरंही वाचता येत होती.

"हे कसं काय?" डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "ताई, हा बोगदा पेटीला जोडलेला आहे ना नक्की?"

"आहे."

"आणि पेटीतून प्रवाह जातोय?"

"सरासरी वीस अँपियर. रोज जातो."

"वीस गुणिले नऊ. वर्षाला एकशेऐंशी किलो. अकरा वर्षांत जवळजवळ दोन टन लोखंड इथून जायला हवं होतं. हा तर काल बांधल्यासारखा आहे. याला कुणीतरी अकरा वर्षं जपलंय." त्या थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "मग ते दोन टन गेलं कुठून?"

दमयंतीला उत्तर ठाऊक होतं. ती त्या सुंदर, धडधाकट भिंतीला पाठ लावून खाली बसली.

अकरा वर्षांपूर्वी जुनी निचरापेटी काढून नवी बसवली होती आणि तिच्यासाठी नऊ नंबरचा बोगदा नव्यानेच नेमला होता. बसवणारे बाहेरचे, दोन दिवसांत काम उरकून गेले. पहिलं मोजमाप दमयंतीने करायचं होतं. त्याला मोजणीदार पेटीचं बारसं म्हणत. कारण त्या दिवशी माणूस जो आकडा आणि जे चिन्ह भरून देईल ते पेटी लक्षात ठेवते, आणि पुढे रोज आपणहून त्याच चालीवर आकडे पाठवत राहते. पुन्हा माणसाला चिखलात उतरावं लागत नाही.

मोजायची रीत सोपी होती. मीटरची एक पिन सळईला लावायची, दुसरी मोरचुदाच्या निळ्या पाण्याने भरलेल्या नळीला, आणि नळी ओल्या मातीत रोवायची. लोखंड सुरक्षित असेल तर आकडा उणे येतो, उणे साडेआठशे मिलिव्होल्ट किंवा त्याहून खाली. वस्तीत आकडे नेहमी उणेच यायचे, म्हणून तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत उण्याची आडवी रेघ आधीच छापलेली असे. मोजणीदाराने पुढे फक्त आकडा भरायचा. तोंडानेसुद्धा कुणी उणे म्हणत नसे. "किती?" "आठशे ऐंशी." "छान." झालं काम.

त्या दिवशी मीटरवर नऊशे दहा आलं. आकडा सुरेख होता, फक्त त्याच्या आधी आडवी रेघ नव्हती.

आता हे काही अगदी आक्रीत नव्हे. हातातल्या पिना उलट्या लागल्या तरी असं होतं, नवशिक्यांचं तर दिवसातून चारदा होतं. अशा वेळी पुन्हा वाकायचं, नळी उपसायची, पुसायची, पिना बघायच्या आणि परत मोजायचं. अर्धा तास जातो. पण दमयंतीच्या भाचीचं त्या दिवशी साक्षगंध होतं, साखरपुडाच तो, पिशवीत नवी साडी होती आणि डबा सुटायला पंधरा मिनिटं उरली होती. 'पिना उलट्या लागल्या असतील, दुसरं काय!' असं मनाशी म्हणत तिने छापलेल्या रेघेपुढे नऊशे दहा लिहिलं, सही ठोकली आणि पळत जाऊन डबा पकडला.

तिच्या पिना सरळ होत्या. उलट्या जोडलेल्या होत्या त्या पेटीच्या तारा. त्या दिवसापासून बळीचा बोगदा सुखात होता आणि पट्टी चारची एकशेचाळीस घरं त्याच्यासाठी बळी जात होती.

दोन वर्षांनी पट्टी चारच्या जेवणघराचं छत कोसळलं. वीजघराच्या सगळ्यात जवळची जागा ती, प्रवाह तिथूनच सगळ्यात जास्त बाहेर पडत होता. दुपारची पंगत उठून गेली होती म्हणून बरं, नाहीतर चाळीस माणसं गेली असती. गेली ती एकटी रेणू बावणे. नऊ वर्षांची. विसरलेली वॉटरबॅग आणायला परत आत गेली होती.

चौकशी बसली. समितीचे अध्यक्ष म्हातारे, विजेतलं फारसं न कळणारे, पण सरळ माणूस. त्यांनी दमयंतीला विचारलं, "बाई, मला उगाच मोठे शब्द सांगू नका. भटक्या विजेने हे छत खाल्लं असेल का? हो की नाही?"

"नाही जी," दमयंती म्हणाली. "विजेने खाल्लं असतं तर आकडे वर चढले असते. आमचे आकडे दोन वर्षं रोज उणे नऊशेच्या आसपास आहेत. पाहा ना तक्ते."

आणि बोलता बोलताच तिला ती न दिसलेली रेघ आठवली. वाक्य तर तोंडातून निघून गेलं होतं. अध्यक्षांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. वीज नाही, म्हणजे बांधकाम. बांधकाम कुणाचं? शालिक उरकुड्याचं. त्याला पुढे बोलावलं. तो बिचारा तीन दिवस झोपलेला नव्हता, त्या पोरीला ढिगाऱ्यातून त्यानेच हातांनी उकरून काढलं होतं. "तुझं काही चुकलं का?" असं विचारल्यावर हात जोडून म्हणाला, "असंल जी. माझंच काही चुकलं असंल." तेवढ्या शब्दांची कबुली झाली. परवाना गेला, दोन वर्षं तुरुंगवास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंतीने मीटर पुसून घेतला होता. पडलेल्या जेवणघराच्या दारापर्यंत ती गेलीही होती. एकदा पिन लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणूनच तिने लावली नाही. मीटर पिशवीत घातला आणि घरी येऊन भाकरी थापायला बसली. तीन भाकऱ्या करपल्या, त्या तिने कुणाला दिसू न देता स्वतः खाल्ल्या. त्यानंतरची नऊ वर्षं ती स्वतःला सांगत आली की आपल्याला काही ठाऊक नाही. आणि काय बाई आहे बघा, सांगताना तिला स्वतःलाच ते कधी खरं वाटलं नाही.

"ताई, पाणी देऊ का?" डॉक्टर वाकून विचारत होत्या. "घाबरू नका. मला वाटतं झालं काय ते माझ्या लक्षात आलंय. पेटीच्या तारा उलट्या आहेत. बसवणाऱ्यांचीच चूक. ती कंपनीसुद्धा कधीच बंद पडली, आता विचारणार कुणाला? तुमच्या तक्त्यात पहिल्या दिवशी उणे आहे, म्हणजे नंतर केव्हातरी पेटीत बिघाड झाला असं म्हणता येईल. तुमच्यावर काही येत नाही."

इतकी रुंद, मोकळी वाट तिच्यापुढे कुणी कधी करून दिली नव्हती. नुसतं "हो जी" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

"उणे नव्हतं," दमयंती म्हणाली. "रेघ छापलेली होती. मी पाहिलं होतं मॅडम. मीटरवर रेघ नव्हती, अन् मी पाहिलं होतं."

डॉक्टरांनी हातातला दिवा खाली ठेवला. "लिहून द्याल?"

"देते. पण मॅडम, आता तारा सरळ केल्या तर? पट्टी चारच्या सळया बऱ्या होतील का?"

"खाणं थांबेल. गेलेलं लोखंड परत येत नाही ताई. आणि गंज साधासुधा नसतो, तो लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, काँक्रीट आतून फोडतो. ती घरं आता राहण्यासारखी नाहीत. उद्याच रिकामी करायची." त्यांनी त्या लखलखीत बोगद्याकडे पाहिलं. "माणसांना आणायचं कुठे म्हणाल, तर सगळ्या तळचांद्यात याच्याइतकी पक्की जागा दुसरी नाही. त्यांच्याच घरांच्या लोखंडावर उभा आहे तो. तारा आहेत तशाच ठेवू, खायला आता रिकामी पट्टी चार आहे."

"मला एक दिवस द्या," दमयंती म्हणाली. "कागद वर जायच्या आधी एका माणसाला मला स्वतः सांगायचं आहे."

मंगळवारी सकाळपासून पट्टी चार हलायला लागली. गाद्या, शेगड्या, देव, टीव्ही, पिंजऱ्यातले पोपट, सगळं डब्यांवर लादून बळीच्या बोगद्यात चाललं होतं. खडूने आखून प्रत्येक घराला जागा दिली होती. हलवण्याचं कारण अजून कुणाला सांगितलं नव्हतं, पण लोकांना ते ठाऊकच होतं. एक बाई डोक्यावरचं गाठोडं सावरत म्हणाली, "अख्ख्या पट्टीले शालिक धरला म्हणतात. त्या मेल्यानं एक घर धड बांधलं नाही." दमयंती तिच्या शेजारून चालली होती. कानशिलात मारल्यासारखं झालं तिला.

शालिक तिला बोगद्याच्या पार आतल्या टोकाला सापडला. साठीचा, केस पांढरे, पाठ वाकलेली. छबूबाई बावणेची ट्रंक, शेगडी, पाण्याची घागर तो आणून लावत होता. छबूबाई म्हणजे रेणूची आई, नवरा आधीच गेलेला. शालिक तुरुंगातून सुटला त्या दिवशी सरळ तिच्या दारात गेला होता. तिने भर चौकात त्याला चपलेने मारलं. त्याने मार खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या दारात पाण्याची घागर भरून ठेवली. तिने ती लाथेने उपडी केली. असं महिनाभर चाललं. एकतिसाव्या दिवशी तिने घागर उचलून आत नेली. तेव्हापासून सात वर्षं पाणी तो भरत होता, भिंती तो लिंपत होता, तापाने पडली तर औषध तो आणत होता. भाऊबीजेला ती त्याला ओवाळत होती. गावाला हे विचित्र वाटे, पण त्या दोघांना वाटत नसे.

"शालिकभाऊ, थोडं बसा," दमयंती म्हणाली. "छबूबाई, तुम्हीही बसा. तुम्हाला दोघांनाही ऐकवायचं आहे."

तिने सांगितलं. कुठलंही वाक्य गोड न करता सांगितलं. पेटी, तारा, मीटर, छापलेली रेघ, भाचीचं साक्षगंध, डबा पकडायची घाई. चौकशीत काय म्हणाली ते. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत फिरली ते.

शालिक आधी हसला. "काहून असं बोलून राहिली बाई? तुमचा आकडा कधी चुकते का?"

"चुकला. तुमचं काम चोख होतं शालिकभाऊ. छत तुमच्यामुळे पडलं नाही."

"नाही नाही," तो मान हलवत म्हणाला, लहान पोराची समजूत घालावी तसा. "तुम्हाले नाही ठाऊक. ढिगाऱ्यात सळया पाहिल्या ना मी, काडीसारख्या बारीक. तवाच समजलो, की मीच हलकी सळई टाकली."

"तुम्ही अंगठ्याएवढी टाकली होती. विजेनं खाऊन ती काडीएवढी झाली."

शालिकला काहीतरी आठवलं आणि त्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला.

"अन् पाणी? त्या दिवशी काँक्रीट कालवाले पाणी आणलं ते खारं होतं बाई. मी हातावर घेऊन चाखलं. खारं लागलं, तरी म्हटलं जाऊ दे, कोण पाहाते. तेच तं भोवलं. तुरुंगात रोज आठवे मले ते."

"पाणी खारं नव्हतं," दमयंती म्हणाली. "तपासणीचा कागद आला होता, निकाल लागल्यावर. पाणी गोडं, वाळू धुतलेली, सिमेंट बरोबर. तो कागद मीच फायलीत लावला. वाचून लावला."

"कवा?"

"तुम्ही तुरुंगात होते तेव्हा."

शालिकने जीभ ओठांवरून फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. "पण मले तं चव लागते ना," तो म्हणाला. "आत्ताही लागून राहिली. मंग ती चव कोठून आली बाई?"

विजेच्या कुठल्याच पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. नऊ वर्षं एखाद्याच्या माथ्यावर दुसऱ्याचा दोष सोडत राहिलं की आत काय काय झिजतं आणि त्या जागी काय भरतं, ते मोजणारा मीटर अजून कुणी केला नव्हता.

तिला वाटलं होतं, छबूबाई आता उठेल. पायातली चप्पल काढेल. त्यासाठी ती मन घट्ट करून आली होती, खरं सांगायचं तर त्याचीच वाट पाहत होती. चौकात मारलंस ना त्याला, आता मला मार बाई, इथंच मार, सगळ्यांदेखत मार.

छबूबाई उठली. पण तिने दमयंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती शालिकसमोर गेली, खाली बसली आणि तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"छबूबाई, काय करून राहिली हे!" शालिक घाबरून मागे सरला.

"तुले चपलेनं मारलं मी, भाऊ. सगळ्यांसमोर. महिनाभर तुयं पाणी लाथाडलं. तुयी लेक नांदायला जाऊन राहिली होती तवा तिच्या सासरी जाऊन सांगितलं मी, ह्यानं माझी पोर मारली म्हणून. मोडलं ना तिचं लग्न माझ्यापायी!" ती हुंदके देत होती. "माझी पोर तं गेली. तुह्या पोरीचं मी काय केलं रे?"

दमयंती धावत तिच्याजवळ गेली. "छबूबाई, अहो तुमची काय चूक? तुम्हाला कुणी खरं सांगितलंच नव्हतं! चूक माझी आहे. सगळी माझी. मला बोला ना!"

"तुम्ही लांब व्हा," छबूबाई म्हणाली. रागानेसुद्धा नव्हे, दारात आलेल्या अनोळखी माणसाला सांगावं तसं. "तुमचा आकडा चुकला असंल. शिव्याशाप मी दिले. हात माझा उठला. ते तुम्ही घेता काय आपल्या अंगावर? कसं घेसान?"

शालिकने सवयीने रिकामी घागर उचलली, पाणी आणायला. छबूबाईने झडप घालून ती त्याच्या हातातून ओढून घेतली. "ठेव ती. आता मरेपर्यंत तुह्या हातचं पाणी नाही पिववणार माझ्यानं." आणि घागर कवटाळून ती भिंतीशी तोंड करून बसली. शालिक मोकळ्या हातांनी तिथेच उभा राहिला, निर्दोष सुटलेला, आणि पहाटे उठून जायला आता कोणतंही दार नसलेला.

आजूबाजूला लोक गाद्या अंथरत होते, पोरं नव्या जागेत पळापळ करत होती. कुणीतरी म्हणत होतं, भिंती काय मजबूत आहेत बाप्पा. दमयंती उभी होती. सगळा दोष ती आपल्या अंगावर घ्यायला आली होती, आणि तो तिच्याजवळ क्षणभरही थांबला नव्हता. ज्या बाईला कुणी खरं सांगितलंच नव्हतं, जिचं एकुलतं लेकरू गेलं होतं, तिच्या अंगात जाऊन तो शिरला होता आणि आता उरलेलं आयुष्य तिला आतून खात राहणार होता. दमयंतीला हे लख्ख दिसत होतं. आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटत होतं.